आपला सीओडी १८०, बोर्डाचा ३१०: फरक कुठे शोधायचा आणि रिपोर्टात काय लिहायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एमआयडीसीतला डेअरी प्लांट, सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट म्हणजे ईटीपी रोजचा साधारण १०० घनमीटरचा म्हणजे १०० सीएमडी, तुम्ही सहा महिन्यांपूर्वी लॅब केमिस्ट म्हणून लागलात. आउटलेटचा सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅममध्ये) तुमच्याकडे १८० च्या आसपास येतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाने म्हणजे बोर्डाने तपासणीला येऊन नेलेल्या जेव्हीएस सॅम्पलचा रिपोर्ट मात्र ३१० आला आणि कन्सेंटमधली, म्हणजे बोर्डाच्या परवानगीपत्रातली, मर्यादा आहे २५०. आता प्लांट हेड विचारतायत चूक कोणाची, आणि ३० सप्टेंबरच्या आत बोर्डाला द्यायचं वर्षाचं विवरण, फॉर्म ५, भरायचाय तर त्यात "लिमिटमधलाच आकडा टाक" असं सांगतायत.

मी गेली बावीस वर्षं ईटीपी आणि लॅब दोन्हीकडे काम केलंय, त्यातली बरीच दूध आणि फूडवाल्यांकडे. पहिली गोष्ट ही की दोन्ही आकडे खरे असू शकतात. लॅबमध्ये आपण मोजतो ते बाटलीतलं पाणी, आणि बाटलीत काय आलं हे सॅम्पल कधी घेतलं, कुठून घेतलं आणि लॅबपर्यंत कसं आणलं यावर ठरतं. मी पाहिलेल्या अशा भांडणांपैकी निम्म्याहून जास्त भांडणं टायट्रेशनपर्यंत, म्हणजे लॅबमधल्या प्रत्यक्ष मोजणीपर्यंत, पोचलीच नाहीत, आधीच सुटली.

वेळेपासून सुरू करा. तुम्ही सॅम्पल कधी घेता? बहुतेक ठिकाणी जनरल शिफ्टचा केमिस्ट आला की चहा होतो आणि साडेदहा-अकराला आउटलेटची बाटली भरली जाते, रोज तीच वेळ. डेअरीत सीआयपी, म्हणजे यंत्रं न खोलता आतून धुणं, कधी होतं ते प्रॉडक्शनच्या माणसाला विचारा, पाश्चरायझरचं एकदा, टँकरचं वेगळं, पनीर किंवा श्रीखंडाची लाइन असेल तर तिचं वेगळंच. त्या धुण्याचं पाणी कॉस्टिक, आम्ल, दुधाचे फॅट सगळं घेऊन एकदम येतं, आणि येणारं पाणी आधी एकत्र करून सारखं करणारा इक्वलायझेशन टँक लहान असेल किंवा नेहमी अर्धा गाळाने भरलेला असेल (हे फार ठिकाणी असतं, टँक कागदावर बारा तासांचा आणि प्रत्यक्षात पाच तासांचा) तर तो झटका काही तासांनी आउटलेटला दिसतोच. बोर्डाचे फील्ड ऑफिसर दुपारी चारला आले असतील तर त्यांना तोच झटका मिळाला. त्यांनी घेतलेलं सॅम्पल त्या क्षणाचं असतं, ग्रॅब. तुमचंही ग्रॅबच आहे, फक्त रोज सोयीच्या क्षणाचं. त्यामुळे सलग तीन दिवस दर दोन तासांनी आउटलेटचं सॅम्पल घ्या, रात्रीपाळीतही, प्रत्येकाचा सीओडी वेगळा करा आणि ग्राफ काढा. काम खूप आहे, छत्तीस सीओडी होतील, पण हा ग्राफ एकदा तुमच्या हातात आला की कोणाचं खोटं हा प्रश्नच राहत नाही.

जागा. कन्सेंटमध्ये लिहिलेला डिस्चार्ज पॉइंट आणि तुम्ही बाटली भरता तो नळ एकच आहे का ते पाइपलाइनवर हात ठेवत चालत जाऊन बघा, ड्रॉइंगवर नको. एका कारखान्यात सात-आठ महिने सीओडी सुंदर येत होता, कधीच १५० च्या वर नाही. पावसाळ्यात लाइन बदलायला खणलं तेव्हा कळलं की कूलिंग टॉवरचं ब्लोडाउन, म्हणजे तिथून सोडून दिलेलं पाणी, सॅम्पल नळाच्या अलीकडेच मिसळत होतं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं, जुन्या फिटरने जवळची लाइन बघून जोडलं होतं. पण म्हणजे आम्ही तेवढे महिने पातळ केलेलं पाणी मोजत होतो आणि खालच्या नाल्यात जाणारा किलोंचा हिशोब सगळा चुकलेला होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं कारण त्या नाल्यावर दोन वाड्यांच्या विहिरी होत्या आणि आमच्या रजिस्टरवर विश्वास ठेवून सगळे निवांत होते.

आता बाटली. डेअरीच्या पाण्यात फॅट असतं आणि ते बाटलीच्या भिंतीला चिकटतं, फ्लॉक म्हणजे गाळाचा पुंजका खाली बसतो. तुम्ही लॅबमध्ये बाटली टेबलावर ठेवली, अर्ध्या तासाने वरचं स्वच्छ पाणी पिपेटने ओढलं तर तुमचा १८० हा फक्त विरघळलेल्या भागाचा सीओडी आहे. बोर्डाच्या लॅबमध्ये ढवळून घेतलं असेल तर त्यात गाळाचाही सीओडी आला. मला वाचूनच हा संशय आला कारण तुम्ही टीएसएस (पाण्यातला न विरघळलेला, तरंगता गाळ) ९० सांगताय, आणि बायोलॉजिकल गाळ असेल तर तेवढ्या टीएसएसचाच सीओडी शंभराच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे १८० आणि ३१० मधली दरी जवळपास तिथेच भरून निघते. करून बघा: एकच सॅम्पल, एकदा ढवळून (शक्यतो मिक्सरमध्ये फिरवून आणि टोक रुंद असलेल्या पिपेटने), एकदा गाळून. दोन आकड्यांत शंभराचा फरक आला तर तुमचा प्रश्न क्लॅरिफायरचा, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचा, आहे, लॅबचा नाही. गाळ निसटतोय, आणि तो कोणाच्याही बाटलीत येणारच.

सीओडी लगेच लावणार नसाल तर सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बीओडीच्या (जंतूंना घाण खाताना लागणारा ऑक्सिजन) बाटलीत आम्ल घालायचं नाही, ती फक्त ४ अंशावर, आणि जितक्या लवकर लावाल तितकं चांगलं, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत चार तास राहिलेल्या सॅम्पलचा बीओडी वाटेतच खाल्ला जातो. तेल आणि ग्रीसला काचेची रुंद तोंडाची बाटली, तिच्यातलं थोडं ओतून बाकीचं दुसऱ्या टेस्टला वापरायचं नाही, अख्खी बाटली त्याच टेस्टला जाते आणि रिकामी झाल्यावर सॉल्व्हंटने विसळून तेही त्यातच घ्यायचं, नाहीतर अर्धं तेल भिंतीवरच राहतं. पीएच जागेवरच.

मग टायट्रेशन. सीओडीत घाण जाळून उरलेलं डायक्रोमेट ज्याने मोजतो ते फेरस अमोनियम सल्फेट, एफएएस, रोज स्टँडर्डाइज करता का, म्हणजे त्याची खरी तीव्रता तपासता का? हवेने ते रोज थोडं थोडं उतरतं. लेबलवर ०.१ लिहिलंय पण प्रत्यक्षात ०.०९३ झालंय आणि तुम्ही हिशोबात ०.१ च घेताय, तर १८० चा सीओडी १९४ दिसेल, म्हणजे ही चूक आकडा वाढवते, तुमच्या बाबतीत उलट दिशेची आहे. पण ब्लँकचं (सॅम्पलऐवजी शुद्ध पाणी घेतलेल्या टेस्टचं) रीडिंग रोज थोडं वर सरकतंय का ते बघायची सवय लावा, तो एफएएसचा ताप मोजायचा थर्मामीटर आहे. क्लोराइड बघा, सॉफ्टनरच्या रीजनरेशनचं मिठाचं पाणी ईटीपीत येत असेल तर क्लोराइड प्रचंड वाढतं आणि क्लोराइड बांधून ठेवणारं मर्क्युरिक सल्फेट पुरेसं नसेल तर क्लोराइडच डायक्रोमेट खातं, सीओडी खोटा वाढतो. तुमच्याकडे सॅनिटायझर म्हणून पेरॅसेटिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात का? उरलेलं पेरॉक्साइडही सीओडी म्हणून मोजलं जातं, १ मिलिग्रॅमला जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम. आणि स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, वाळवून ४२५ मिलिग्रॅम एक लिटरमध्ये, त्याचा सीओडी ५०० यायला हवा. दर आठवड्याला एकदा लावा आणि रजिस्टरमध्ये लिहा, चुकला तरी लिहा. बोर्डासमोर किंवा ऑडिटरसमोर तुमची बाजू मांडणारं याच्याइतकं चांगलं पान दुसरं नाही.

एक विनंती, सीओडीचं वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. त्यात पारा, चांदी, क्रोमियम आहे आणि तुमचं बेसिन बहुधा ईटीपीलाच जोडलेलं आहे. पाण्यात सोडायची पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाणी स्वच्छ आहे का हे बघता बघता आपणच त्यात पारा सोडायचा, हे मनाला पटत नाही. वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि हॅझार्डस वेस्टमध्ये द्या.

बीओडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण रजिस्टरचा फोटो पाठवलात त्यात मला १५.२, १५.४, १५.१ असे आकडे सलग दिसले, त्यावरून सांगतोच, कारण हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही अर्धं सॅम्पल आणि अर्धं डायल्यूशन वॉटर, म्हणजे पातळ करायचं पाणी, घेताय ना? सुरुवातीचा विरघळलेला ऑक्सिजन ७.८, तीन दिवसांनी ०.२, वजाबाकी ७.६, भागिले ०.५, उत्तर १५.२. हा बीओडी नाहीये! बाटलीतला ऑक्सिजन संपला, जंतूंना अजून खायचं होतं पण श्वास नव्हता, म्हणून आकडा तिथे अडकला. पाण्याचा खरा बीओडी ४० असो नाहीतर ९० असो, या डायल्यूशनला उत्तर १५ च येणार, आणि तेही मर्यादेच्या आत दिसणार, म्हणून कोणी शंका घेत नाही. नियम असा की तीन दिवसांनी किमान १ मिलिग्रॅम ऑक्सिजन शिल्लक पाहिजे आणि किमान २ खर्च झालेला पाहिजे, तरच ती बाटली धरायची. ३० च्या आसपासच्या बीओडीला १० टक्के सॅम्पल म्हणजे ३०० मिलिच्या बाटलीत ३० मिलि, मग ७.८ वरून ४.८ वर येईल आणि ३ भागिले ०.१ म्हणजे ३०. दोन-तीन वेगवेगळी डायल्यूशन लावा, पाच टक्के, दहा टक्के, वीस टक्के, आणि जी नियमात बसते तीच घ्या. तुमच्याकडे शेवटी हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) घालतात, तर उरलेलं क्लोरीन सोडियम सल्फाइटने मारल्याशिवाय बीओडी लावू नका, जंतूच मरतात आणि बीओडी गोड दिसतो. सीड म्हणजे जिवंत जंतू असलेलं थोडं पाणी घाला. आणि इनक्युबेटर २७ अंशावर आहे ना बघा, आपल्याकडे ३ दिवस आणि २७ अंश, परदेशी पुस्तकात ५ दिवस आणि २० अंश असतं, ते १९१२ सालच्या इंग्लंडच्या रॉयल कमिशनच्या काळातून आलेलं, आपल्या हवामानाला ते कशाला. गुरुवारी लावलेली बाटली रविवारी वाचावी लागते, त्यामुळे अनेक लॅब ती शनिवारीच वाचतात किंवा सोमवारी. तसं करू नका, गुरुवारी लावूच नका.

आणि एक साधी चाळणी, बीओडी सीओडीपेक्षा जास्त येऊच शकत नाही, आणि ट्रीट केलेल्या पाण्यात तो सीओडीच्या बराच खाली असतो कारण जंतूंना खाता येण्यासारखं होतं ते आधीच खाल्लेलं असतं. रजिस्टरमध्ये सीओडी ६० आणि बीओडी ५५ दिसलं तर दोन्हीपैकी एक पुन्हा करा.

फ्लो. हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि रिपोर्टात तोच सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. तुमच्याकडे ९० अंशाचा व्ही-नॉच (ज्यातून पाणी वाहतं ती व्ही आकाराची खाच) आहे, पट्टी लावलीय. पाण्याची उंची ६ सेंटीमीटर म्हणजे दिवसाला साधारण १०५ घनमीटर, आणि ७ सेंटीमीटर म्हणजे १५५. एका सेंटीमीटरला पन्नास घनमीटर! पट्टी नॉचच्या अगदी तोंडाशी लावली असेल तर तिथे पाणी खाली वळलेलं असतं आणि उंची कमी वाचली जाते, ती मागे, उंचीच्या तीन-चार पट अंतरावर हवी, आणि शून्य हा नॉचच्या टोकाच्या पातळीला. शेवाळ खरवडा. मग महिन्याला एकदा एमआयडीसीचं पाण्याचं बिल घ्या, त्यातून बॉयलर, कूलिंग टॉवरचं बाष्प, प्रॉडक्टमध्ये गेलेलं वजा करा आणि जे उरतं ते ईटीपीच्या आकड्याशी जुळतं का बघा. डेअरीत दुधातून निघालेलं पाणीही येतं, कंडेन्सेट असेल तर, त्यामुळे कधी कधी आत घेतलं त्यापेक्षा बाहेर जास्त दिसतं आणि लोक घाबरून आकडा कमी करतात. घाबरू नका, कारण लिहा.

आता रिपोर्ट. कन्सेंट पुन्हा एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण मर्यादा पाणी कुठे जातं त्यावर असते. सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यात सोडायचं तर बीओडी ३०, सीओडी २५०, टीएसएस १००, तेल-ग्रीस १०, पीएच ५.५ ते ९. जमिनीवर सिंचनाला बीओडी १००. सार्वजनिक गटारात बीओडी ३५०. तुमच्या कन्सेंटमध्ये याहून कडक आकडा असेल तर तोच तुमचा. फॉर्म ५ म्हणजे मार्चअखेरच्या वर्षाचं पर्यावरण विवरण, त्यातल्या प्रदूषणाच्या भागात तीन गोष्टी मागतात: दिवसाला किती वजन गेलं, सांद्रता किती, आणि मर्यादेपासून किती टक्के फरक व का. हा "व का" चा रकाना बहुतेक लोक कोरा ठेवतात किंवा "वुइदिन लिमिट" लिहून मोकळे होतात. तुम्ही तो भरा.

वजन साधं आहे, लिटरला मिलिग्रॅम गुणिले सीएमडी भागिले हजार, म्हणजे दिवसाचे किलो. १८० आणि १०० सीएमडीला १८ किलो, ३१० ला ३१ किलो. पण वर्षाची सरासरी काढताना नुसती सीओडीची सरासरी काढू नका, किलोंची बेरीज भागिले पाण्याची बेरीज असं करा. एका दिवशी २० सीएमडी आणि सीओडी १००, दुसऱ्या दिवशी १०० सीएमडी आणि सीओडी ३००: साधी सरासरी २००, छान दिसतं, पण नाल्यात गेले ३२ किलो १२० घनमीटरमध्ये, म्हणजे खरी सरासरी २६७. तुमच्याकडे पावसाळ्या-हिवाळ्यात दूध वाढतं तेव्हा फ्लोही वाढतो आणि ईटीपीही दमतो, दोन्ही एकदम, त्यामुळे हा फरक तुम्हाला पडणारच.

३१० चं काय करायचं? लिहायचं. वर्षाची सरासरी, सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त, आणि वेगळ्या ओळीत बोर्डाच्या सॅम्पलचा निकाल तारखेसह, मर्यादेपेक्षा २४ टक्के जास्त, कारण अमुक, केलेली दुरुस्ती अमुक. तो निकाल बोर्डाकडे आहेच, तुमच्या विवरणात तो नसला तर बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. जे मोजमापात दिसलंच नाही तिथे "निरंक" किंवा शून्य लिहू नका, टेस्टची खालची मर्यादा ५ असेल तर "५ पेक्षा कमी" लिहा. आणि बाहेरच्या लॅबकडून रिपोर्ट घेताना ती मान्यताप्राप्त आहे का आणि तिच्या स्कोपमध्ये तो पॅरामीटर आहे का ते तपासा, नुसतं लेटरहेडवर शिक्का बघून पुढे जाऊ नका.

साहेबांबद्दल. मलाही तरुणपणी असंच सांगितलं होतं आणि तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो, म्हणून तुमची अवस्था कळते. सही तुमची असते, जाणूनबुजून खोटी माहिती देणं कायद्याने दंडाला पात्र आहे, हे त्यांना शांतपणे सांगा, पण त्याच्याबरोबर दोन-दोन तासांचा ग्राफ घेऊन जा. मालकाला "तुमचं चुकतंय" ऐकायला आवडत नाही, "दुपारी तीन ते सहा एवढंच बिघडतं आणि सीआयपीचं पहिलं पाणी वेगळ्या टाकीत घेतलं तर बसतं" हे ऐकायला आवडतं, कारण त्यात खर्चाचा आकडा आणि शेवट दोन्ही दिसतो. मी जिथे जिथे असं केलं तिथे बहुतेक वेळा टाकी आली. वर्षभर २४०, २४५, २४८ असे आकडे असलेलं रजिस्टर मात्र कुठल्याही अनुभवी फील्ड ऑफिसरला पहिल्या पानावरच कळतं, खऱ्या पाण्याचा आकडा असा सरळ रेषेत चालत नाही.

पुढच्या वेळी बोर्डाचे लोक आले की टाळाटाळ करू नका, सोबत उभे राहा. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ मध्ये सॅम्पल तुमच्यासमोर दोन भागांत करून सील करायची आणि दोघांच्या सहीची तरतूद आहे, आणि तुम्ही मागणी केलीत तर दुसरा भाग राज्य जल प्रयोगशाळेकडे जातो. हे त्याच वेळी म्हणायचं असतं, रिपोर्ट आल्यावर नाही. वेळ, जागा, त्या क्षणाचा फ्लो, कुठली लाइन धुणं चालू होतं हे तुमच्या डायरीत लिहा आणि त्याच मिनिटाला, त्याच नळावरून स्वतःची एक बाटली भरा, आम्ल घालून ठेवा आणि ढवळून लावा. टाकी फुटली, दूध सांडलं, कच्चं पाणी नाल्यात गेलं असं काही झालं तर बोर्डाला लगेच कळवायचं, कलम ३१ आहे त्यासाठी, आणि खाली कोणी गुरं पाण्यावर आणत असेल तर आधी माणूस पाठवून त्यांना सांगायचं, पत्र नंतर.

उद्या एवढंच करा: आउटलेटची एक बाटली, अर्धी ढवळून आणि अर्धी गाळून सीओडी, सोबत एक थॅलेटचं स्टँडर्ड, आणि बीओडीला पाच, दहा, वीस टक्के. क्लोराइडही बघून घ्या. आकडे जसे येतील तसे पाठवा, क्लॅरिफायरचा व्यास आणि गाळ रोज किती काढता तेही कळवा, मग गाळ कशाने निसटतोय ते शोधू.